भंडारदऱ्याला निघालीस तर

सकाळी निघून धरण बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा तुमचा बेत तुझ्या आईकडून कळला आणि राहवेना, म्हणून हे लिहायला बसलो. भंडारदऱ्याला जाऊन नुसतं धरण बघून येणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेचा पूल बघून येणं. त्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी अकरा वर्षं काढली. पहिल्या आठवड्यातच आमच्या हेडगुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती, तीच तुला सांगतो. पाणी कायम उजव्या हाताला ठेवायचं. देवाला प्रदक्षिणा घालतो तसं.

त्यात श्रद्धा आहेच, पण सोयही आहे. धरणाजवळच्या शेंडी गावातून मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी, तिथून साम्रद, मग घाटघर, आणि परत येताना उडदावणे, पांजरे, मुरशेत. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा फेरा. या दिशेने गेलं की मावळतीला आपण घाटघरच्या कोकणकड्यावर असतो, समोर खाली कोकण आणि बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. उलट्या दिशेने गेलीस तर तिथे पोचशील भर दुपारी, उन्हाच्या झळांत. आणि एका दिवसात हा फेरा उरकू नकोस. दोन मुक्काम धर, त्यातला एक तरी रतनवाडीला.

आधी धरणाचं सांगून मोकळा होतो. प्रवरेवरचं हे धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं, म्हणून ते विल्सन धरण. उंची सुमारे 82 मीटर, साठा 11 टीएमसी. जलाशयाला साहेबाच्या काळात आर्थर लेक म्हणत. आता त्याला आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे आणि ते त्याला शोभतं. राघोजी इथल्याच देवगावचे, महादेव कोळी. सावकारी आणि इंग्रजी अंमलाविरुद्ध त्यांनी बंड केलं आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पाण्याकडे बोट दाखवून 'आर्थर लेक' म्हणशील तेव्हा हे नावही घे.

धरणाच्या पायथ्याचा छत्रीसारखा पडणारा धबधबा बघायचा असेल तर पाणी सोडलंय का, हे शेंडीत विचारून मगच खाली उतर. पाणी बंद असलं की तिथे नुसता खडक असतो. रंधा फॉलचंही तसंच, पाऊस किंवा सोडलेलं पाणी असेल तर तो खरा रंधा. तिथे कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. फोटोसाठी तर नाहीच नाही. शेवाळलेल्या कातळावरून पाय सरकला की सावरायला वेळ मिळत नाही.

आता रतनवाडी. इथे मात्र थांब. अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं समजतात, हजार वर्षांच्या आसपासचं. लोक गाडीतून उतरतात, शिखराचा फोटो काढतात, घंटा वाजवतात आणि दहा मिनिटांत परत. तू तसं करू नकोस. शिखराजवळ उभी राहा आणि नजर तळापासून वर ने. मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच्याच आकाराची लहान लहान शिखरं ओळीने बसवलीत, वर वर लहान होत गेलेली, आणि मधून नक्षीचे उभे पट्टे थेट माथ्याला भिडलेत. सकाळी सातच्या सुमाराला तिरकं ऊन पडतं तेव्हा प्रत्येक लहान शिखराची सावली शेजारच्यावर पडते आणि सगळा दगड हलल्यासारखा वाटतो. दुपारी हेच काम सपाट दिसतं. म्हणून तर म्हटलं, मुक्काम रतनवाडीला कर. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू दे, मग छताकडे बघ. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली असते. अशा वेळी बाहेरूनच हात जोड. देवळापासून थोडी चाललीस की पुष्करणी लागते, पाण्याभोवती चारी बाजूंनी दगडी देवळ्या आणि त्यांत मूर्ती. तिच्या पायऱ्यांवर बसायचं, चपला वर काढून.

रतनगडाला जायचं असेल तर उजाडताना निघ. गावातला वाटाड्या घे, वाट माहीत असली तरी घे. वाट प्रवरेच्या उगमाकडच्या जंगलातून जाते आणि पावसाळ्यानंतर गवत वाढलं की फाटे कळत नाहीत. वर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकाने चढायचं, पाठीवरची पिशवी पोटाशी न घेता पाठीलाच घट्ट बांधायची आणि हात मोकळे ठेवायचे. माथ्यावर आरपार भोक असलेलं नेढं आहे. तिथे वारा इतका असतो की टोपी, ओढणी आधीच आवरून ठेव. सप्टेंबरात गेलीस तर सोनकीने डोंगर पिवळा झालेला असतो.

निघण्याआधी मुक्कामाच्या घरी जेवणाचं सांगून जायचं. परत आल्यावर 'काय आहे खायला?' असं विचारायचं नाही. घरची बाई चुलीवर करते. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, गरम भात, एवढं सकाळी सांगितलं तर दुपारी ताजं मिळतं. पैशाची घासाघीस करू नकोस. धरणाचं पाणी ज्या दऱ्यांत साठलं, तिथली शेतं त्याखाली गेली आणि पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या उसाला गेलं. काठच्या गावांनी मात्र उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. माझ्या वर्गातल्या पोरी त्यापायी उशिरा यायच्या. तेव्हा चार पैसे त्या घरात राहिले तर ते तिथलेच आहेत.

पाण्याचं पुन्हा सांगतो. जलाशयात पोहायला उतरायचं नाही. काठ सपाट वाटतो, पण दोन पावलांवर एकदम खोल होतो आणि तळाला गाळ असतो. होडीत बसलीस तर लाइफ जॅकेट अंगात घालूनच. शेजारी ठेवून नाही.

साम्रदच्या सांदण दरीबद्दल तिथल्या एका आजीने मला जे सांगितलं तेच शब्द देतो, 'गुरुजी, आभाळ बघून उतरा, पाणी बघून पुढं जा.' ही दरी म्हणजे कातळाला पडलेली भेग. दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर टेकतील एवढीच जागा. पावसाळ्यात तिकडे फिरकायचंच नाही. डोंगरमाथ्यावर पडलेली सर तुला आत दिसत नाही, तिचं पाणी मात्र येतं आणि बाजूला व्हायला जागा नसते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जा. वाटेत पाण्याचे डोह लागतात. त्यांत आधी काठी टाकून बघायची आणि पाऊल मग टाकायचं. दगड डुगडुगतात, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत, नवे कोरे नकोत. दोर लावून उतरायची जागा आली की तिथूनच मागे फिर. पुढची वाट कोकणात उतरते आणि ती जाणत्या माणसांबरोबर, साहित्य असेल तरच. चारच्या आत वर यायचं.

घाटघरला धुकं आलं तर कड्याकडे जाऊ नकोस. एकदा मी सहलीची पोरं घेऊन गेलो होतो. धुकं इतकं दाटलं की पुढच्या पोराचा सदरा दिसेना. सगळ्यांना हात धरून जागच्या जागी खाली बसवलं. अर्ध्या तासाने वारा सुटला तेव्हा कडा पंधरा पावलांवर होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

काजव्यांसाठी जायचं असेल तर रोहिणीच्या सरींपासून मृगाचा पाऊस धरेपर्यंतचे दिवस. एकदा पावसाने जोर धरला की खेळ संपला. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर ते दाटतात, सगळं झाड एका ठेक्यात उजळतं आणि विझतं. ती लुकलुक म्हणजे नर-मादीची हाक आहे. आपली बॅटरी, गाडीचे दिवे, मोबाइलचा झोत पडला की त्यांना एकमेकांची हाक दिसत नाही, जोड्या जमत नाहीत आणि पुढच्या वर्षी तेवढे काजवे कमी. अळ्या ओल्या जमिनीत वाढतात, म्हणून रस्ता सोडून झाडाखाली शिरायचं नाही. गाडी लांब लावून दिवे मालवून चाला. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मंगळवारी, बुधवारी जा.

जुलै-ऑगस्टात भाताची आवणी चालू असते. खाचराच्या बांधावरून चालायचं नाही, बांध फुटला तर पाणी जातं आणि रोपं बसतात. खाचरात गाडी घालून तंबू ठोकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या शेतकऱ्याचा वर्षाचा भात तिथेच उभा असतो. साधारण 15 ऑगस्टपर्यंत धरण भरतं, हा तिथल्या लोकांचा जुना ठोकताळा.

कळसूबाईचं तू विचारलंस. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. बारी गावातून पहाटे चढ, नवरात्र आणि सुट्टीचे दिवस सोड. शिड्यांवर रांग लागते आणि वारा रांगेतल्यांना मोजत नाही.

तिसरा दिवस हातात असेल तर अकोले गावाकडे उतर. टाहाकारीला आढळा नदीकाठी जगदंबेचं तीन गाभाऱ्यांचं जुनं देऊळ आहे, तिथे गर्दी नसते. त्याच अंगाला पट्टा किल्ला. 1679 साली जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज तिथे विसावले, म्हणून तो विश्रामगड. आणि कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाणांची बँक आहे. 2020 सालची पद्मश्री त्यांना मिळाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, वांगी, भात यांची किती वाणं जपलीत ते बघून ये. मात्र आधी कळवून जा, वाट वाकडी करून अचानक दारात उभी राहू नकोस.

रतनवाडीत फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. आईला आधीच सांगून ठेव आणि परतताना घोटीला पोचलीस की मला फोन कर.