एक पालक, दोन मुलं : जोडलेल्या नोंदी आणि फॉर्म



न्हावा शेवाच्या मुलांना कंटेनर शिकवावा लागत नाही. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून ट्रेलर रोजचेच. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात अंकी क्रमांक असतो, जहाजाचं नाव नसतं. आज या जहाजावर, उद्या त्या! कोणता डबा कोणत्या फेरीत, ते नोंदीत क्रमांकाने जोडलेलं असतं. डेटाबेसमधलं नातं म्हणजे हेच.

आमच्या यादीत हे नव्हतं. पहिलीतली बहीण, चौथीतला भाऊ, दोघांपुढे वडिलांचा मोबाइल वेगवेगळा लिहिलेला. नंबर बदलला, आम्ही भावापुढचाच दुरुस्त केला. पावसामुळे लवकर सोडल्याचा मेसेज बहिणीच्या वर्गाकडून जुन्या नंबरवर गेला. भाऊ त्या दिवशी घरीच होता. पोरगी गेटपाशी तासभर उभी.

म्हणून जँगोत छोटा फॉर्म केला. वर पालक, खाली त्याच्या मुलांच्या ओळी. याला इनलाइन फॉर्मसेट म्हणतात. आपण काही सांगितलं नाही तर तो तीन रिकाम्या ओळी देतो.

गंमत सेव्ह करताना कळते. पालक सेव्ह झाल्याशिवाय त्याला क्रमांक मिळत नाही, मग मुलाची नोंद जोडणार कशाला? म्हणून आधी पालक, मग मुलं. पण मुलाची जन्मतारीख चुकली तर एकटा पालक आत जाऊन बसतो. तेव्हा दोन्ही भाग आधी तपासा आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह करा: सगळं जाईल, नाहीतर काहीच नाही. चूक निघाली तर भरलेल्या ओळी तशाच परत दिसू द्या. पुन्हा टाइप करायला लावलं तर शिक्षक वहीकडे वळतात, मीसुद्धा वळले असते.

खोडण्याबाबत मात्र सावध! नात्यात 'कॅस्केड' निवडलं तर पालकासोबत मुलंही पुसली जातात. शाळेसाठी 'प्रोटेक्ट' घ्या, म्हणजे मुलं जोडलेली असताना पालक खोडताच येत नाही. शिवाय इनलाइन फॉर्मसेटमध्ये ओळ खोडायची चौकट आपोआप येते, ती मी बंद केली. दाखला दिला तरी जनरल रजिस्टरमधली नोंद राहतेच ना?

एका मुलाला दोन पालक ठेवायचे असतील तर मधे तिसरं टेबल लागतं, त्यात मूल, पालक आणि नातं. तिथे 'आजी' हा पर्याय जरूर ठेवा. आईवडील कामावर असले की फोन बहुतेक तीच उचलते.