समुद्रदर्शनी घराची खरेदी: कोकण किनाऱ्यावरील अनुभवाचे बोल

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर विक्रीस निघणाऱ्या आधुनिक घरांच्या जाहिरातींत समुद्रदर्शनाचा उल्लेख हमखास असतो, आणि मुंबई-पुण्याहून आलेला खरेदीदारही पश्चिमेची गच्ची व तिच्यापुढचे पाणी पाहूनच मनोमन व्यवहार पक्का करून टाकतो. खरेदीखतात, म्हणजे मालकी हस्तांतरित करणाऱ्या नोंदणीकृत दस्तात, मात्र गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि बांधकामाचे वर्णन एवढेच असते. समुद्र आलाच तर पश्चिमेची सीमा म्हणून येतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क प्रस्थापित होऊ शकतो, परंतु निव्वळ दृश्याचा हक्क अशा वहिवाटीने मिळत नाही. त्यामुळे पुढच्या जमिनीच्या मालकाने उद्या नियमानुसार एक मजला चढविला, तर समुद्र दिसेनासा झाल्याबद्दल मागच्या घराला सहसा दाद मागता येत नाही. ज्या गोष्टीसाठी सर्वाधिक पैसे मोजले जातात तीच दस्तात येत नाही, आणि घराचे खरे मूल्य ज्यांवर ठरते त्या चार गोष्टी, म्हणजे भरती रेषेपासूनचे अंतर, सातबाऱ्यावरील नावे, रस्त्याचा हक्क आणि सळईवरील काँक्रीटचे आवरण, गच्चीवरून दिसत नाहीत.

कोकणातील जुन्या वस्तीची रचना या संदर्भात पाहण्याजोगी आहे. गुहागर, दिवेआगर किंवा दापोलीजवळचे मुरुड या गावांत जुनी घरे गावातल्या रस्त्याकडे तोंड करून उभी आहेत. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची किंवा केवड्याची रांग, आणि त्यापलीकडे पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, असा क्रम तेथे दिसतो. उतरते कौलारू छप्पर, रुंद पडवी आणि पावसाळ्यापूर्वी पडवीला बांधले जाणारे झावळ्यांचे झाप ही सारी व्यवस्था पश्चिमेची झड आणि खारा वारा अडविण्यासाठी होती. आजच्या नव्या घराची सपाट गच्ची आणि समुद्राकडे उघडणारी काचेची सरकती दारे या व्यवस्थेच्या नेमकी उलट दिशेने जातात, आणि त्याची किंमत देखभालीच्या रूपाने वर्षानुवर्षे मोजावी लागते.

पहिली बाब अंतराची. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या आधारे किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे व्यवहारात ज्याला सीआरझेड म्हणतात त्याची, पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. तिच्या जागी २०११ ची आणि पुढे १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली. हे अंतर भरती रेषेपासून मोजले जाते आणि भरती रेषा म्हणजे उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते ती रेषा. ती अधिकृत नकाशावर आखलेली असते, त्यामुळे ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेपासून पावलांनी मोजलेल्या अंतराला काहीही अर्थ नसतो. समुद्राकाठी या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो. ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात मोडतो आणि २०१९ च्या अधिसूचनेने त्याचे दोन भाग केले आहेत: २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या गावांत ५० मीटरपर्यंत, तर त्याहून विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरतो. या क्षेत्रात पूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र न वाढविता करता येते, पण नवा बंगला बांधता येत नाही. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातही घराची उंची ९ मीटर आणि तळमजला अधिक एक मजला एवढीच मर्यादा आहे. खाडीकाठच्या घरांसाठी अंतराचे निकष वेगळे असल्याने समुद्र आणि खाडी दोन्ही दिसणाऱ्या जागेची तपासणी दोन्ही बाजूंनी करावी लागते.

येथे सर्वाधिक गफलत कागदाच्या नावावरून होते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद, विक्रेता ‘घर कायदेशीर आहे’ याचा पुरावा म्हणून पुढे करतो, परंतु कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही आणि पंचायतीचा ना हरकत दाखला किनारी नियमनाखालील परवानगीची जागा घेऊ शकत नाही. केरळमधील मरडू येथील चार निवासी संकुलांना स्थानिक पंचायतीचा बांधकाम परवाना होता. तरीही किनारी नियमांचा भंग झाल्याचे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२० मध्ये ती नियंत्रित स्फोटांनी जमीनदोस्त झाली. पैसे देऊन तेथे राहायला आलेल्या कुटुंबांना आधी घर रिकामे करावे लागले आणि भरपाईची वाट नंतर पाहावी लागली. रायगड जिल्ह्यात किहीमच्या किनाऱ्यावरील एक आलिशान बंगलाही मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, तेव्हा हा धोका दूरच्या राज्यापुरता आहे असे कोणी मानू नये.

दुसरी बाब नावांची, आणि कोकणात व्यवहार सर्वाधिक अडतात ते येथेच. सातबारा हा गाव नमुना सात व बारा यांचा मिळून बनलेला उतारा असून त्यातील भोगवटादारांची नावे, ‘इतर हक्क’ हा रकाना आणि फेरफार क्रमांक ही तीन ठिकाणे संथपणे वाचावी लागतात. उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील एका घराचा व्यवहार या दृष्टीने बोधप्रद आहे. दुमजली, नुकतेच रंगविलेले, दोन्ही मजल्यांवरून समुद्र दिसणारे ते घर मुंबईच्या एका कुटुंबाने पाहिले, त्याच आठवड्यात विसार दिला आणि त्यानंतर वकिलाकडे कागद सोपविले. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावे सामाईक होती व तिघेही सही करण्यास राजी होते. वकिलाने मात्र उताऱ्यावर न थांबता वारस नोंदीचा जुना फेरफार काढविला, तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतर केवळ मुलगे लागले असून दोन बहिणींची नोंदच झालेली नाही, असे निष्पन्न झाले. ‘इतर हक्क’ रकान्यात एका जुन्या कुळाचे नावही तसेच राहिले होते. भाऊ म्हणत होते की बहिणींना काही नको आहे, परंतु नको असल्याचे सांगणारे नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोणाकडेच नव्हते.

या ठिकाणी कायदा स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. शिवाय सामाईक मिळकतीतील एखाद्याचा हिस्सा विकत घेतला, तरी सरस-निरस वाटप होईपर्यंत अमुक खोली वा अमुक तुकडा आपला, असे खरेदीदाराला म्हणता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या त्रयस्थाला त्या घराचा संयुक्त ताबाही मागता येत नाही. याच्या जोडीला भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतरण होत नाही. आणि जमीन बिनशेती झालेली नसेल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती सहसा घेता येत नाही, मग तिच्यावर घर कितीही देखणे उभे असो.

वरील व्यवहारात बहिणींनी हक्कसोडपत्रे दिली नाहीत आणि खरेदी फिसकटली. त्याहून जाचक ठरले ते विसाराचे प्रकरण, कारण विसारपावतीत रक्कम, उरलेला मोबदला आणि खरेदीची मुदत एवढेच लिहिले होते. हक्क निर्वेध न निघाल्यास रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल ही एक ओळ नसल्याने पैसे हप्त्याहप्त्याने, तेही गावातल्या चार जाणत्यांनी मध्यस्थी केल्यावर, सुटले. ती एक ओळ लिहून घेण्यास काहीही खर्च आला नसता.

तिसरी बाब रस्त्याची. किनाऱ्यालगतच्या जमिनी वाडीतून वाडी अशा एकामागे एक लागलेल्या असतात आणि शेवटच्या घराकडे जाणारी वाट अनेकदा दुसऱ्याच्या गटातून, केवळ शेजारधर्मावर चालू असते. चार पिढ्यांचा गावकरी त्या वाटेने जातो तोपर्यंत कोणी बोलत नाही. बाहेरचा मालक येऊन चारचाकी आत आणू लागला, की त्याच वाटेवर बांबूचे बेडे बसते. म्हणून वहिवाटीचा रस्ता गावनकाशात आहे की नाही, नसल्यास वाटेच्या मालकाने नोंदणीकृत दस्ताने हक्क दिला आहे की नाही, आणि त्या हक्कात वाहनाचा समावेश आहे की फक्त पायवाटेचा, हे तपासणे अगत्याचे ठरते. हद्दीबाबत विक्रेत्याने दाखविलेल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, विसंबण्याऐवजी भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करवून ‘क’ प्रत घेतलेली बरी.

चौथी बाब बांधकामाची. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरून सळईपर्यंत पोहोचले, की सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने आतून दाब येऊन काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. यासाठीच भारतीय मानक ४५६ (आवृत्ती २०००) मध्ये किनारी वातावरणातील प्रबलित काँक्रीट किमान एम-३० दर्जाचे आणि सळईवरील आवरण, म्हणजे कव्हर, ४५ मिलिमीटर, तर लाटांचे तुषार लागतील अशा ठिकाणी एम-३५ आणि ५० मिलिमीटर असावे असे सांगितले आहे. शहरी सवयीने ठेवलेले २० मिलिमीटरचे कव्हर किंवा न धुतलेली खाडीची वाळू वापरलेली असेल, तर घर वयाने कोवळे असतानाच आजारी पडते. उपर्युक्त घरातही पश्चिमेच्या गॅलरीच्या स्लॅबखाली ताज्या पांढऱ्या रंगातून सळईच्या रेषेत एक सरळ बारीक तडा उमटला होता आणि त्याच्या टोकाशी चहाच्या डागासारखा तांबूस ओघळ होता. हातोडीच्या दांड्याने ठोकले असता तेथे बद्द, पोकळ आवाज आला, तर पूर्वेकडील खोलीच्या स्लॅबमधून खणखणीत. रंग किती नवा आहे यापेक्षा तो नेमका विक्रीच्या तोंडावर का दिला, हा प्रश्न अशा वेळी विचारला पाहिजे, आणि खात्रीसाठी संरचना अभियंत्याकडून काँक्रीटमधील क्लोराइडचे प्रमाण व सळईच्या गंजाची चाचणी करवून घ्यावी. कठड्याचे पोलाद ३०४ दर्जाचे असेल तर त्यावर लवकरच तपकिरी डाग पडतात. ३१६ दर्जाचे, ज्यात मॉलिब्डेनम असते, ते अधिक टिकते, असा फरक कठड्यांपासून बिजागऱ्यांपर्यंत सर्वत्र लक्षात ठेवावा.

पाणी आणि हवामान यांची परीक्षा मोसमानुसार होते. विहिरीचे पाणी डिसेंबरात गोड लागले, तरी मे महिन्यात उपसा वाढल्यावर त्यात खार उतरू शकतो. आणि ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरच्या आत भूजल उपशावर स्थानिक वस्तीच्या वापराचा अपवाद वगळता निर्बंध असल्याने ‘बोअर मारून घेऊ’ हे आश्वासन जमेस धरू नये. घर एकदा मेअखेरीस पाण्यासाठी आणि एकदा जुलैत, अमावास्येच्या वा पौर्णिमेच्या उधाणाला, झड व किनाऱ्याची धूप पाहण्यासाठी बघावे. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे नोंदविले आहे. जेथे शेजाऱ्याने दगडी बंधारा घातला आहे तेथे त्याच्या टोकाशी, म्हणजे पुढच्याच जमिनीत, धूप वाढण्याची शक्यता असते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत वाड्या आडव्या केल्या आणि कित्येक गावे अनेक दिवस विजेविना राहिली. त्या वेळी या घराचे काय झाले, हे विक्रेत्याखेरीज शेजाऱ्यांनाही विचारावे.

या साऱ्यातून व्यवहाराचा एक क्रम निश्चित होतो. सर्वप्रथम चालू सातबारा, आठ-अ आणि मागील सर्व फेरफार काढावेत. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घेऊन स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. मंजूर किनारी व्यवस्थापन आराखड्यावर गट क्रमांक बसवून भरती रेषेपासूनचे अंतर लेखी घ्यावे. बांधकाम परवानगी, बिनशेती आदेश व मंजूर नकाशा प्रत्यक्ष घराशी, विशेषतः वरच्या मजल्याशी, ताडून पाहावा. मग अभियंत्याची तपासणी आणि मोजणी करावी, आणि त्यानंतरच परताव्याच्या स्पष्ट अटीसह विसार द्यावा. कागद तपासण्याआधी विसार देण्याची घाई करणारा विक्रेता ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे सांगतो, तेव्हा ते गिऱ्हाईक त्याला खुशाल मिळू द्यावे. पुढची जमीन मोकळी राहावी अशी इच्छा असेल, तर तिच्या मालकाशी बांधकामाच्या उंचीबाबत वेगळा नोंदणीकृत करार करता येतो का, हे वकिलाला विचारावे. तसा करार न झाल्यास समुद्रदर्शनासाठी वेगळी किंमत मोजू नये, आणि घराचा भाव दृश्याशिवाय जेवढा ठरेल तेवढाच द्यावा.