मोगरा जिनमध्ये उतरवताना

पोरी,

फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. फोनवर सांगितलेली प्रमाणं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. पाडव्यानंतरच्या शनिवारी सहा जण येणार, बाल्कनीतला मोगरा बहरलाय आणि तुला जिनमध्ये त्याचं काहीतरी हलकं, चैत्राला शोभेल असं करायचंय. छान होईल. मी चौतीस वर्षं मुंबईत हॉटेलच्या बारमागे उभा होतो. हे काम मला ज्यांनी शिकवलं ते आमचे उस्ताद, म्हातारे गोवेकर, फार बोलत नसत. पण फुलांचं पेय करायचं असलं की जवळ बोलावून सांगायचे: फूल नाकासाठी, जिभेसाठी नाही. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका वाक्यातून निघालेलं आहे.

मोगरा तुझ्या कुंडीतलाच घे. बाजारातला गजरा कितीही टवटवीत दिसला तरी नको. ती फुलं माळण्यासाठी पिकवलेली असतात. त्यांच्यावर काय फवारलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी एकदा घाईच्या दिवशी गजऱ्याची फुलं पाकात टाकली होती. पाहुण्याने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच बाजूला सरकवला. उरलेला पाक मी मागे जाऊन चाखला, तर औषधासारखा कडवटपणा जिभेवर चिकटून बसला. ती सबंध बाटली मोरीत ओतली. तुझ्या कुंडीवरही गेल्या महिनाभरात कसली फवारणी केली असशील, तर या खेपेला मोगऱ्याचा बेत सोड.

आणि पांढरं दिसतं म्हणून ते मोगऱ्याचंच फूल असं समजू नकोस. तुझ्याकडे शेजारच्याच कुंडीत तगर आहे. देठ मोडून बघ: तगर, चाफा, कण्हेर, तिन्हींच्या देठातून चीक येतो, मोगऱ्याच्या येत नाही. चिकाचं फूल देवाला वाहा, ग्लासाच्या जवळही आणू नकोस. कण्हेर तर जीवघेणी असते. चीक नाही म्हणून कुठलंही फूल तोंडात घालण्याजोगं ठरतं असंही नाही. ओळख पक्की असेल तेवढंच फूल वापरायचं.

फुलं शुक्रवारी संध्याकाळी तोड, दिवेलागणीला. सकाळी घट्ट मिटलेली कळी त्या वेळेला सैल होते, टोकाशी बारीकशी फट पडते आणि बोटाने दाबलं तर आतून मऊ लागते. ती कळी हवी. पूर्ण उमललेलं, कडेला तांबूस पडलेलं फूल नको. मोगरा तोडल्यानंतरही रात्रभर सुगंध सोडत राहतो, म्हणून तर रात्री उशाशी ठेवलेला गजरा पहाटेपर्यंत घमघमतो. आपल्याला तीच रात्र पाकात पकडायची आहे. वीस-पंचवीस कळ्या पुरतात. प्रत्येकीचा हिरवा देठ आणि त्यावरची हिरवी टोपी काढून टाक, कडवटपणा तिथूनच येतो. पाण्यातून हलक्या हाताने काढ आणि फडक्यावर पसरून वाळू दे.

पाक दुपारीच करून ठेव. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार वगैरे काही नको. मग पूर्ण गार होऊ दे. इथे लोक उतावीळ होतात आणि कोमट पाकातच फुलं टाकतात. उष्णता लागली की मोगऱ्याचा गोड वास जातो आणि शिजवलेल्या पाल्याचा येतो. आमची आजी उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची चार फुलं टाकायची. ते पाणी आठव: चव पाण्याचीच, फक्त पेला ओठाजवळ आला की वास. तिने कधी फूल उकळलं नाही. पाक गार झाला की कळ्या सोड, चुरगळू नकोस, काचेच्या बरणीत झाकण लावून फ्रीजमध्ये ठेव. सकाळी न विसरता फडक्यातून गाळून घे. संध्याकाळपर्यंत फुलं तशीच राहिली की तपकिरी पडतात आणि तुरटपणा उतरतो. गाळलेला पाक फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो.

वास कमी वाटला तर पुढच्या खेपेला ताज्या कळ्या टाकून दुसरी रात्र द्यायची. अत्तराचा थेंब मात्र चुकूनही नाही. अत्तर अंगाला लावायचं, पोटात घालायचं नाही. फुलाच्या बाबतीत जगभर हात आखडताच राहिला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसने 1888 मध्ये काढलेल्या जिन फिझमध्ये संत्र्याच्या फुलांचं पाणी असतं, तेही मोजून काही थेंब. ‘एव्हिएशन’ नावाचं कॉकटेल 1916 मध्ये छापलं गेलं तेव्हा त्यात व्हायोलेट फुलांचं लिकर होतं. 1930 च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मधल्या कृतीत ते राहिलंच नाही, आणि पुढची कित्येक वर्षं लोक फुलाशिवायचंच एव्हिएशन पीत राहिले. व्हायोलेट थोडं जास्त झालं की साबणाची आठवण येते. मोगऱ्याचंही तसंच आहे.

जिन साधी घे. जिन म्हणजे मुळात ज्युनिपरचा वास दिलेली दारू. ज्युनिपर आपल्याला नवं नाही, आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. हल्ली गोव्यात चांगल्या जिन तयार होतात. ज्युनिपर आणि लिंबाच्या सालीचा स्वच्छ वास असलेली लंडन ड्राय पद्धतीची कुठलीही चालेल. बाटलीवरच गुलाब, जास्वंद लिहिलेल्या गुलाबी जिन नकोत, एका घरात दोन सुगंध भांडतात. सहा जणांना दोन-दोन ग्लास धरले तर 750 मिलीची एक बाटली पुरून उरते. महाराष्ट्रात दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही, तेव्हा तुझ्या दिराच्या कॉलेजातल्या मुलाला सरबत.

आता एका ग्लासचं प्रमाण. जिन 45 मिली, मोगऱ्याचा पाक 20 मिली, लिंबाचा रस 15 मिली, मीठ दोन बोटांच्या टोकांत मावेल त्याहूनही कमी. पेगमेजर वापर, अंदाज नको. परदेशी पुस्तकांत लिंबू जास्त असतं, कारण त्यांचं ते मोठं पिवळं लिंबू. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि स्वतःच्या वासाचं, त्याला मोकळं सोडलं तर मोगरा हरवतो. रस त्याच संध्याकाळी काढ, डझनभर लिंबं आण. मीठ का, हे तुझ्या आईला विचार. पन्ह्यात चिमूटभर मीठ नसेल तर कैरी आणि गूळ एकमेकांना ओळख देत नाहीत, इथेही तेच.

हे सगळं शेकरमध्ये भरपूर बर्फावर घालून दहा-बारा सेकंद जोरात हलव. शेकर बाहेरून पांढुरका होतो, हाताला चटका बसावा इतका गार लागतो, तिथे थांबायचं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणीही चालते. नव्या मोठ्या बर्फाच्या ग्लासात गाळून वर 60 मिली गार सोडा ओत. सोडा शेकरमध्ये कधीच नाही. बर्फाकडे विशेष लक्ष दे. फ्रीझरमध्ये सुरमई असेल तर बर्फाला तिचा वास लागतोच, म्हणून ट्रे झाकून दोन दिवस आधी लाव. ग्लासही साबणाचा वास जाईपर्यंत धुऊन, पुसून ठेव. आणि त्या संध्याकाळी दिवाणखान्यात उदबत्ती लावू नकोस.

वर एकच कळी ठेव. निळ्या गोकर्णाचं तू विचारलंस: वाळलेली चार फुलं जिनमध्ये तासभर ठेवली की ती निळी होते आणि लिंबू पडताच जांभळी. मुलांना दाखवायला गंमत आहे, वास शून्य. मी करणार नाही, तुला हौस असेल तर कर.

सोबत खारे काजू, काकडी, पनीरचे तुकडे असं काही ठेव. मिरचीचा चिवडा जेवणाच्या वेळेला. जिभेवर तिखट बसलं की नाकाला हा वास लागत नाही.

आपली ताई दारू घेत नाही, आणि ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनीही घेऊ नये. त्यांच्यासाठी तोच पाक 25 मिली, लिंबू 15, मीठ आणि ग्लासभर सोडा. ताईचा ग्लास सगळ्यांत आधी भर, तिच्या गुडघ्यांमुळे ती आत स्वयंपाकघरापर्यंत येणार नाही. आणि शुक्रवारी सकाळी पाणी घालताना कळ्या मोजून मला कळव. वीस भरत नसतील तर पाक निम्माच कर.

तुझा मामा