स्लॅबचा माल गाडीने मागवावा की दारात कालवावा?

घर किंवा गाळा बांधायला काढला की आमच्या बांधवांपुढे हा प्रश्न हमखास येतो. प्लांटमधून तयार काँक्रीट मागवावे की सिमेंटच्या गोण्या आणून मिक्सर लावावा? बहुतेक जण आधी भाव विचारतात. आमच्या मते आधी टेप घेऊन माप काढावे.

600 चौरस फुटांचा, 5 इंच जाडीचा स्लॅब धरू. त्याला 250 घनफूट, म्हणजे अडीच ब्रास काँक्रीट लागते. प्लांटवाले घनमीटरचा हिशेब करतात, त्यांच्या भाषेत हे सुमारे 7 घनमीटर झाले. बीमचा माल वेगळा. एम-20 दर्जाच्या मालाला घनमीटरमागे साधारण 8 गोण्या धरल्या तर 56 गोण्या होतात. एका गोणीच्या मिक्सरचे 56 घाणे, आणि तेही न थांबता. मध्येच वीज गेली, मजूर जेवायला बसले किंवा खडी संपली, तर आधीचा माल आवळतो आणि तिथे जोड राहतो. पुढे पावसाळ्यात पाणी नेमके त्याच जोडातून ठिबकते. कर्ज काढून बांधलेल्या घराचे असे गळके छत आम्ही पाहिले आहे.

म्हणून एवढ्या कामाला, रस्ता असेल तर, गाडीच बरी. पण रस्ता असेल तर! 6 घनमीटर मालाचेच वजन 14 टनांच्या वर जाते, गाडीचे निराळे. गटारावरची फरशी त्याखाली टिकत नाही. भिवंडी-मालेगावच्या बोळांत गाडी नाक्यावरच थांबते. मग पंप लागतो आणि त्याचे किमान भाडे द्यावेच लागते. आपल्या 7 घनमीटरला दुसरी गाडी जवळजवळ रिकामी येईल, तिचा आकार किती हे आधीच ठरवून घ्यावे. चलनावर दर्जा आणि माल भरल्याची वेळ पाहावी. मानकाप्रमाणे साधारण दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. उशीर झाला म्हणून ड्रायव्हर पाइप लावून पाणी सोडू लागला, तर त्याला तिथेच रोखावे.

पाण्याचा हा दोष दारात कालवलेल्या मालात अधिकच आढळतो. माल सरसर पसरावा म्हणून मिस्त्री बादलीवर बादली ओततो. एम-20 ला गोणीमागे 25 ते 27 लिटर पाणी पुरे, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरावे. जास्तीचे पाणी पुढे वाळून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. पाणी बेताचे ठेवून व्हायब्रेटर भाड्याने आणावा, तो खर्च फुकट जात नाही.

ओटा, छज्जा, न्हाणीचा कोबा अशा किरकोळ कामांना गोण्याच परवडतात. एका गोणीत साधारण साडेचार घनफूट माल निघतो. घमेल्याचा अंदाज मात्र सोडावा. 30 बाय 30 बाय 39 सेंटिमीटरचा फर्मा आपल्याच सुताराकडून करून घ्यावा, त्यात बरोबर एका गोणीइतके माप बसते. गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. ओलसर वाळू फुगते, म्हणून ती पावपट जास्त घ्यावी.

माल कुठलाही असो, ओतताना 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवावेत आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. स्लॅबवर वाफे करून निदान 7 दिवस पाणी साठवावे, पोझोलाना सिमेंट असेल तर 10 दिवस.