मेध्य आहार आणि अँटीऑक्सिडंट : काही विचार

पन्नाशी ओलांडलेला रुग्ण ‘हल्ली विस्मरण होते, काही अँटीऑक्सिडंट द्या’ अशी मागणी करतो, हा अनुभव चिकित्सक व औषधविक्रेते या दोघांनाही नित्याचा आहे. कॅप्सूल देऊन त्याची बोळवण करणे सोपे; परंतु ते शास्त्रसंमत आहे असे आम्हांस वाटत नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा वापर सुमारे २० टक्के. शिवाय त्यात स्निग्धांश विपुल असल्याने ऑक्सिडीकरणाने होणारी झीज येथे अधिक संभवते. म्हणून वनस्पतिज अँटीऑक्सिडंट थेट मेंदूचे रक्षण करतात, असा तर्क रूढ झाला. तो अपुरा आहे. परीक्षानळीत प्रबळ ठरणारी अनेक पॉलिफिनॉल द्रव्ये आतड्यातून अल्प प्रमाणातच शोषली जातात, आणि यकृतात व आतड्यातील सूक्ष्मजीवांमुळे त्यांचे रूपांतर होते. याच कारणास्तव अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ‘ओरॅक’ मूल्यांची सारणी २०१२ मध्ये मागे घेतली. द्रव्याचे फल अग्निसापेक्ष असते, हे वैद्यांस नव्याने सांगावयास नको.

शिकागो येथील ९६० वृद्धांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज पालेभाजी खाणाऱ्यांची बौद्धिक घसरण मंद आढळली. मात्र पालेभाज्या व बेरीवर्गीय फळांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराच्या ६०४ व्यक्तींवरील ३ वर्षांच्या चाचणीत (२०२३) तो गट तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. आहार निरर्थक, असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. ३ वर्षांचा काळ अल्पच आहे. तथापि हमी देण्याचा अधिकार आपणांस नाही.

चरकाचार्यांनी आमलकाचा समावेश सूत्रस्थानात नित्यसेवनीय आहारद्रव्यांत केला, तर मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने चिकित्सास्थानात सांगितली. हा भेद आम्ही व्यवहारात पाळतो. हंगामात ताजा आवळा, एरवी आवळकाठी, रोज माठ, शेवगा वा पालक, तोही तेला-तुपाच्या फोडणीसह, कारण कॅरोटीन स्नेहात विरघळते, जांभूळ-डाळिंब ऋतूनुसार. मधुमेह्यास मोरावळा देऊ नये. वॉरफॅरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू वा घटवू नये.

या सर्वांआधी विस्मरणाचे कारण शोधावे. शाकाहारी रुग्णात बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते, आणि ती कोणत्याही फळभाजीने भरून निघत नाही. अवटु ग्रंथीचे विकार, नैराश्य, झोपेची औषधे यांचीही चौकशी व्हावी. विलंब झाल्यास बी-१२ अभावी झालेली मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक सूचना : १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार समाविष्ट आहेत. ‘स्मृतिभ्रंशावर खात्रीचा उपाय’ असा फलक दुकानात असल्यास तो आजच उतरवावा.