पायात न खेळणारा बूट

मांजरी बुद्रुकच्या पुलावर उभं राहिलं की खाली मुळा-मुठा दिसते. यातल्या मुळेचं बरंच पाणी इथवर पोचतच नाही. ते मुळशीच्या धरणात अडतं, तिथून सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सुटतं. कोलाडला राफ्ट चालतात त्या याच पाण्यावर. म्हणजे मांजरीतली पोरं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून ताम्हिणी घाटातून कोलाडला जातात, ती एका अर्थी आपल्याच नदीला भेटायला जातात. थंडी सुरू झाली की यातलीच काही मालवणला स्कूबा डायव्हिंगला जातात. निघायच्या आठवड्यात त्यांचा एक प्रश्न हमखास येतो : पाण्यातले बूट कोणते घ्यायचे आणि कोणत्या नंबरचे?

नंबरापाशीच बहुतेकांची चूक होते, आणि तिचं मूळ आपल्या सवयीत आहे. आपण चपलेत वाढलेली माणसं. शाळेचे बूट घेताना आईने 'पाय वाढेल' म्हणून एक नंबर मोठाच घेतलेला असतो. बूट जरा सैल म्हणजे आरामाचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पाण्यातल्या या निओप्रीनच्या बुटाला हा हिशोब चालत नाही. तो पायात खेळला की निकामी झाला. म्हणून पुढची सगळी कृती एकाच गोष्टीसाठी आहे : बूट पायाच्या कातडीसारखा बसावा, पण पायाला चावू नये.

आधी हा बूट काम कसं करतो ते पाहू. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३०मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. आपल्या बुटात असतो तो त्याचा फेस : आत वायूचे बारीक, बंद बुडबुडे असलेला. ऊब धरून ठेवतात ते हे बुडबुडे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं की पाण्यात उबदार राहायला माणूस कोरडा असण्याची गरज नाही. अंगाला लागलेलं पाणी हललं नाही म्हणजे झालं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. बूट अंगासरसा असेल तर आत शिरलेला पाण्याचा पातळ थर पायाच्या उबेने तापतो आणि तिथेच राहतो. सैल असेल तर प्रत्येक पावलागणिक आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं गार पाणी आत. मग तो बूट कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

सुरुवात दुकानापासून नको, बूट कुठे वापरणार ते ठरवण्यापासून करा. मालवणला एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन यायचं असेल तर स्वतःचे बूट घ्यायची गरज नाही. तो खर्च वाचवा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथे किंवा दुसरीकडे रीतसर अभ्यासक्रम करायचा असेल, पुन्हा पुन्हा जायचं असेल, तर मात्र स्वतःचे बूट हवेत. कोलाडला वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यालाही हवेत, कारण भाड्याचे बूट शेकडो पायांनी ताणलेले असतात आणि त्यांत आपला नंबर मिळेल याची खात्री नसते.

जाडीचा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे. बूट साधारण ३, ५ आणि ७ मिलिमीटर जाडीत मिळतात. कोकणचा समुद्र हिवाळ्यातही फारसा २५ अंशांखाली जात नाही, त्यामुळे ३ मिलिमीटर पुरतात. फारच थंडी वाजणाऱ्याने ५ घ्यावेत. ७ मिलिमीटरचे बूट थंड देशांतल्या पाण्यासाठी असतात. स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. मालवणच्या खडकांवर बुटाचं खरं काम उबेपेक्षा पाय वाचवण्याचं आहे. तिथली कालवं तळपायाला ब्लेडसारखी कापतात.

म्हणून जाडीपेक्षा सोल नीट पाहा. बूट हातात उलटा धरून मधोमध वाकवा. पातळ मऊ सोलचा बूट मोज्यासारखा दुमडतो; तो सर्फिंगला किंवा बोटीवरून थेट पाण्यात उतरणाऱ्याला ठीक. खडकावरून चालायचं असेल, राफ्ट उचलून काठावर न्यायची असेल, तर जाड रबराचा, खोल खाचांचा सोल हवा, आणि तो बोटांच्या पुढे व टाचेच्या मागे थोडा वर वळलेला हवा. कोलाडसाठी आणखी एक पथ्य : लांब नाड्यांचा बूट नको. दोरात, फांदीत अडकणारं काहीही पायाला असू नये. राफ्टमधून पडलं तर पाठीवर तरंगायचं, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे, वेगाच्या पाण्यात उभं राहायला जायचं नाही. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागून पाणी माणसाला लोटत राहतं. चांगला बूट आहे म्हणून हा नियम कुणी मोडू नये.

आता माप. ते संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवा. अनवाणी पायाची टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभे राहा. खुर्चीत बसून घेतलेलं माप कमी येतं, कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून दुसऱ्याला खुणा करायला सांगा. स्वतः वाकलात की भार सरकतो. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा, आणि ते बोट अंगठाच असेल असं धरून चालू नका. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळापर्यंतचं अंतर. दोन्ही पाय मोजा. ते क्वचितच सारखे निघतात. मोठ्या पायाचं माप खरं धरायचं.

हे माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि रोजच्या बुटाचा नंबर विसरून जा. आपल्या दुकानांतले नंबर ब्रिटिश पद्धतीचे. डायव्हिंगच्या अनेक कंपन्या अमेरिकी नंबर छापतात. पुरुषांच्या बुटात तो आपल्यापेक्षा साधारण एकाने आणि बायकांच्या बुटात साधारण दोनने मोठा असतो. युरोपी आकडे आणखी वेगळे. आपल्या पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर, युरोपी पद्धतीत सुमारे पावणेसात. इतका फरक निओप्रीनमध्ये फार होतो. शिवाय पुष्कळ कंपन्या अर्धे नंबर काढतच नाहीत. म्हणून कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना शोधा. तो नसेल तर तो बूट घरबसल्या मागवू नका.

इथे आपल्या पायांचा खास प्रश्न येतो. चपलेत वाढलेला पाय पुढे पसरलेला असतो, बोटं मोकळी झालेली असतात. परदेशी साच्यावरचा बूट लांबीला बरोबर येतो आणि करंगळीला दाबतो. दुकानदार म्हणतो, एक नंबर मोठा घ्या. तो घेतला की चवडा सुटतो, पण टाच सैल पडते आणि घोट्याखाली पोकळी राहते. मीही पहिल्या जोडीला हेच केलं, आणि कुंडलिकेतून बाहेर आलो तेव्हा बुटात मूठभर वाळू आणि टाचेवर रुपयाएवढा फोड होता. चवडा दाबतो तेव्हा नंबर बदलू नका, कंपनी बदला. एखादीचा साचा रुंद निघतोच.

दुकानात गेल्यावर आधी बूट दाबून पाहा. मांजरीच्या उपबाजारात गोटा वांगं अंगठ्याने दाबून घेतो तसंच. चांगला फेस दाबल्याबरोबर पुन्हा वर येतो. खळगा तसाच राहत असेल किंवा कडक लागत असेल तर माल जुना आहे. आत हात घालून शिवणी चाचपा. बोटाला टोचणारी शिवण ओल्या पायाला दुप्पट टोचते. चेन असेल तर तिच्या मागे निओप्रीनची पट्टी आहे ना ते बघा, नाहीतर चेन थेट घोट्याला घासते. बिनचेनचा बूट आत पाणी कमी येऊ देतो आणि त्याचं बिघडण्यासारखं काही नसतं, पण घालायला त्रास होतो. ज्यांच्या टाचेपासून पावलाच्या वरच्या बाकापर्यंतचं अंतर जास्त आहे, त्यांनी चेनचाच घ्यावा.

घालताना वरून ओढत बसू नका; नख लागून निओप्रीन फाटतं. पायावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, पाय सरकन आत जातो, मग पिशवी वरून ओढून काढा. दोन्ही बूट घाला आणि उभे राहा. सगळ्यात लांब बोटाचं टोक बुटाच्या पुढच्या भिंतीला हलकंसं टेकलेलं असावं, पण बोट वळलेलं नसावं. रोजच्या बुटात पुढे जी बोटभर जागा सोडतो ती इथे नको. आता तळव्याच्या कमानीखाली आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून दाबत जा. कुठे पोकळी लागली, कापड चिमटीत आलं, तर बूट मोठा आहे. मग चवड्यांवर उभे राहा. टाच आतल्या आत वर सरकता कामा नये. मग उकिडवे बसा. या बैठकीत घोट्याला कात्री लागली किंवा पोटरीशी काचलं, तर काठ तंग आहे.

यानंतरची पायरी लोक टाळतात, पण तीच महत्त्वाची. बूट पायात ठेवून पंधरा मिनिटं दुकानात हिंडा. पहिल्या मिनिटाला आवळ वाटणं स्वाभाविक आहे. पंधराव्या मिनिटाला बोटांना मुंग्या आल्या, पाऊल बधिर झालं, तर तो बूट तुमचा नाही. पाण्यात सैल होईल या आशेवर घेऊ नका. ओला झाल्यावर तो किंचित लवचीक होतो, नंबर वाढत नाही. मधुमेह असलेल्यांनी केवळ जाणिवेवर विसंबू नये. बूट काढून कातडी पाहावी : लाल वळ लगेच विरले तर ठीक, रेंगाळले तर बूट परत.

डायव्हिंगसाठी घेत असाल तर आपल्या किंवा दुकानातल्या फिनसकट, म्हणजे पोहताना पायाला लावायच्या पंखांसकट, बूट पाहा. बुटावर घालायची फिन मागून उघडी, पट्ट्याची असते. पूर्ण पावलाची बंद फिन अनवाणी घालतात, तिच्यात हा बूट जात नाही. सोल जाड असेल तर नेहमीची फिन तंग होते आणि पाण्यात तळपायात गोळे येतात. पट्टा घसरू नये म्हणून टाचेमागे रबराचा उंचवटा असतो, तो आहे ना ते पाहा. खोल पाण्याचाही विचार करा. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्मे आक्रसतात. निओप्रीन पातळ होतं. काठावर जेमतेम बसलेला बूट तिथे सैल पडतो. आत हवा अडकली तर पाय वर उचलले जातात, ते वेगळंच. वेटसूटची तंगडी बुटाच्या आत खोचू नका, वरून ओढा, म्हणजे पाणी आणि वाळू बुटात भरत नाही.

घरी आल्यावर पावती आणि खोका जपून ठेवा, आणि एक संध्याकाळ चटईवर कोरडेच वापरा. खात्री पटली की मग बादलीत पाय बुडवून अर्धा तास बसा. ओला बूट दुकान परत घेत नाही, म्हणून हा क्रम उलटा करू नका. चाचणीसाठी आपल्या नदीत मात्र उतरू नका. मुळा-मुठेचं आजचं पाणी पायावरच्या लहानशा जखमेलाही धोक्याचं आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं.

मुलांसाठी वाढत्या मापाचे बूट घेऊ नका. पोराला बसणारे घ्या, पुढच्या वर्षी ते शेजारच्या पोराला द्या. आमच्या गल्लीत एक जोडी अशीच फिरते आहे.

निगा थोडक्यात : प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुवा, चेनमधली वाळू काढा, उलटे करून सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात ठेवलेलं निओप्रीन कडक होतं आणि तडकतं. घडी घालून वर वजन ठेवू नका. घडीच्या जागचे बुडबुडे कायमचे बसतात.

कोलाडच्या राफ्ट सकाळच्या पाण्यावर निघतात, त्यामुळे मांजरीतून अंधारातच निघावं लागतं. आदल्या रात्री बूट पिशवीत टाकण्याआधी एकदा पायात घालून चवड्यांवर उभे राहून बघा. टाच हलली, तर ते बूट घरीच ठेवा.