आधी भांडण, मग आकडा

पोरी, घटनादुरुस्त्यांची यादी समोर ठेवून पहिलीपासून घोकायला बसू नकोस. चार दिवसांत ४२ आणि ४४ यांची सरमिसळ होते, आणि परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतो. दुरुस्ती आली म्हणजे त्याआधी काहीतरी अडलेलं असतं. बहुतेकदा कुणीतरी कोर्टात गेलेलं असतं. ते भांडण आधी शोध. आकडा मग सोडत नाही.

पहिलीच घे, १९५१ ची. मद्रासमध्ये चंपकम दोराईराजन यांनी कॉलेजप्रवेशातल्या जातवार जागांना आव्हान दिलं आणि त्या जिंकल्या. बिहारचा जमीनदारी संपवणारा कायदा पाटणा हायकोर्टानं उडवला. मुंबईहून निघणाऱ्या रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’वर मद्रास सरकारनं घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं रद्द केली. हे तीन निकाल नीट वाच. मग १५(४) का आलं, नववी अनुसूची का जोडली आणि १९(२) मध्ये बंधनांची कारणं का वाढली, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुरुस्त्या जोडीनं शिकाव्यात. गोलकनाथ निकाल १९६७ चा, त्याला उत्तर २४वी, १९७१ ची. पक्षांतरबंदीची ५२वी १९८५ ची. तिच्यातली एक तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली ९१व्या दुरुस्तीनं, २००३ मध्ये. १०२वी आली २०१८ ला. मराठा आरक्षणाच्या निकालात, मे २०२१ मध्ये, तिचा अर्थ असा लागला की मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला. तो त्याच वर्षी १०५व्या दुरुस्तीनं परत दिला.

पण सगळ्यांत जास्त वेळ ४२ आणि ४४ ला दे. या दोन समजल्या तर निम्मी राज्यघटना समजली, असं मी मानते. १९७६ ची ४२वी आणीबाणीतली: उद्देशिकेत ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ आले, मूलभूत कर्तव्यं आली, आणि घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही अशी तरतूदही आली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की आणीबाणीत स्थानबद्ध माणूस सुटकेसाठी दादही मागू शकत नाही. माणसं तुरुंगात होती, पोरी, हे वाचताना विसरू नकोस. म्हणूनच १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं सांगितलं की कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. ‘अंतर्गत अशांतता’ काढून तिथं ‘सशस्त्र बंड’ घातलं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून ३००क मध्ये गेला.

कलमाच्या आकड्याला अक्षर चिकटलेलं दिसलं, जसं २१क, ५१क, तर ते मागाहून घातलेलं असतं. तिथंच तळटीप बघ आणि दुरुस्तीचा क्रमांक समासात पेन्सिलीनं लिही. वेगळी वही करू नकोस. कलम आणि दुरुस्ती एकाच पानावर दिसायला हवीत.

विधेयकाचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक एक नसतो. जीएसटीचं विधेयक १२२वं, दुरुस्ती १०१वी. जुन्या बातम्या वाचून नोट्स काढणारी मुलं इथंच फसतात. वर्षाचंही तेच: पंचायतराजची ७३वी १९९२ ची, अमलात आली २४ एप्रिल १९९३ ला. दोन्ही तारखा लिही.

महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, पण तो दुरुस्त्यांच्या यादीत सापडणार नाही. राज्यं संसद कलम ३ खाली साध्या कायद्यानं करते, आणि कलम ४ म्हणतं की ती ३६८ खालची दुरुस्ती धरायची नाही. गोवा मात्र यादीत आहे: १२वी, १९६२.

राज्यांच्या अधिकाराला हात लागला की निम्म्या विधानमंडळांची संमती लागते. सहकाराच्या ९७व्या दुरुस्तीसाठी ती घेतलीच नव्हती, म्हणून २०२१ मध्ये राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तिचा भाग रद्द झाला. आपल्याकडच्या साखर कारखान्यांशी थेट संबंध असलेली ही गोष्ट आहे, मुलाखतीत विचारतील. आणि ९९वीपुढे मोठी फुली मार. न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्येच रद्द झाला.